कामगार मंत्री साहेब, वकील दवाखान्यातल्या खाटेपाशी पोचला पाहिजे

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांना नमस्कार.

साहेब, माझ्या धाकट्या भावाची उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. तेव्हा त्याचं वय ३० होतं आणि पगार १४,०००. शेडमध्ये सगळी मिळून सात माणसं, त्यामुळे ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू नव्हतं. मालक स्वतः गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले, बिल भरलं, आणि आमची आई त्यांच्या पाया पडली. उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा हे कायद्यातच लिहिलंय, २००९ च्या दुरुस्तीपासून आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आईला मी अजून सांगितलेलं नाहीये.

त्या पहिल्या आठवड्यात काय काय झालं ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या आठवड्याबद्दलच आहे. दाखल करताना सुपरवायझर सोबत होता, भाऊ अर्धवट शुद्धीत, आणि केसपेपरवर लिहिलं गेलं "घरी मशीनमध्ये हात गेला". तिसऱ्या दिवशी दोन कोऱ्या कागदांवर डाव्या हाताचा अंगठा घेतला, इन्शुरन्सला लागतो म्हणाले. आठव्या दिवशी ४०,००० रुपये आणि एक स्टॅम्प पेपर आला, त्यावर लिहिलेलं की सर्व हिशोब पूर्ण झाला, यापुढे काही तक्रार नाही. आम्ही सही केली आणि वर त्यांचे आभारही मानले, कारण तेव्हा घरात कुणाला काही सुचतच नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, तुम्हाला माहितीच असणार, पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना कळू दे म्हणून लिहितो. भावाच्या अपघाताच्या वेळी लागू होता तो कर्मचारी नुकसान भरपाई कायदा, १९२३ चा. कामावर असताना कामामुळे अपघात झाला की मालकाला भरपाई द्यावीच लागते, चूक मालकाची होती हे कामगाराने सिद्ध करायची गरज नाही. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलंय. पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४००, त्याला ३० वयाचा गुणक २०७.९८, त्याचे ३० टक्के. हिशोब येतो ५ लाख २४ हजारांच्या वर. आणि आम्ही ४०,००० घेऊन हात जोडले. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, हेही आहे. आणि तो स्टॅम्प पेपर? कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिला असं लिहून घेतलं तरी कलम १७ प्रमाणे ते चालत नाही. पण हे सांगणारा माणूस आम्हाला भेटला सोळा महिन्यांनी, आणि दावा दाखल करायची मुदत दोन वर्षांची. अजून आठ महिने गेले असते तर उशीर माफ करा म्हणून अर्ज करत बसावं लागलं असतं.

मध्ये एक एजंट आला होता, म्हणाला मिळेल त्यातले ३० टक्के माझे, वकील मी बघतो. खरं तर निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. पण गरजवंताला ते कोण सांगणार, बरेच जण यात सापडतात आणि त्यांना मी दोष देणार नाही.

साहेब, मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ बघा, त्यात मोफत वकील कुणाला मिळतो त्या यादीत औद्योगिक कामगार स्पष्ट लिहिलाय. बाई असेल, अपंगत्व आलेला माणूस असेल, तोही त्याच यादीत आहे. म्हणजे माझा भाऊ बोटं जायच्या आधीपासूनच मोफत वकिलाचा हक्कदार होता! तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस आहे, १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे, सगळं आहे. फक्त जखमी माणूस खाटेवर पडलेला असतो आणि सल्ला कोर्टाच्या आवारात बसलेला असतो, आणि त्या मधल्या काळात सुपरवायझर दोनदा येऊन जातो.

२०१७ पासून तर मालकानेच कामावर ठेवताना कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची लेखी माहिती, त्याला समजेल अशा भाषेत द्यायची, असं १९२३ च्या कायद्यात कलम १७ अ आलं. न दिल्यास ५० हजार ते १ लाख दंड होता. मी आजपर्यंत पन्नास तरी कामगारांना विचारलं असेल, असा कागद एकानेही बघितलेला नाही.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९२३ चा कायदा तिच्यात गेला. चांगलं पण आहे तिच्यात, कामावर येता-जाता झालेला अपघातसुद्धा, कामाशी संबंध जुळत असेल तर, धरला जातो. पण नवीन कलमं, नवीन फॉर्म, जुन्या माहितीवर सल्ला देणारे लोक, यात कामगार अजून गोंधळणार, म्हणून पद्धत आत्ताच बसवा. कामावरच्या दुखापतीचा पेशंट कुठल्याही दवाखान्यात आला की जागा आणि कारण त्याला स्वतःला किंवा घरच्यांना विचारूनच केसपेपरवर लिहायचं, सोबत आलेल्या कंपनीच्या माणसाला विचारून नाही, हे आरोग्य खात्याशी बोलून सक्तीचं करा. तिथूनच विधी सेवा समितीला फोन जाऊ दे, आणि त्यांचा स्वयंसेवक तीन दिवसांत खाटेपाशी येऊ दे. त्याने फार कायदा शिकवायला नको. कोऱ्या कागदावर सही करू नको, मालकाला अपघाताची लेखी नोटीस दे आणि पोच घे, पगाराचा कुठलाही पुरावा असेल तर सांभाळ, बँकेची एंट्री, हजेरीचा फोटो, मेसेज काहीही, आणि मुदत दोन वर्षं आहे, एवढं सांगितलं तरी खूप झालं. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस असेल तर त्याला हेही सांगा की भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, कारण कॉन्ट्रॅक्टर अपघातानंतर फोन उचलत नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे.

टक्क्यांबद्दल एक राहिलं. सुप्रीम कोर्टासमोर १९७५ मध्ये एका सुताराचं प्रकरण होतं, डावा हात कोपराच्या वरून गेलेला. कोर्टाने मान्य केलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद १०० टक्के गेली, आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते. हे माहीत असलेला वकील आणि नसलेला वकील यात त्या घराच्या पुढच्या वीस वर्षांचा फरक पडतो. म्हणून मोफत वकिलांच्या पॅनेलवर या कामाचं खास ट्रेनिंग घेतलेले लोक ठेवा.

आमचा दावा दाखल होऊन अकरा महिने झाले. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यायचा असं म्हटलंय. केसपेपरवरच्या त्या "घरी" या एका शब्दावर पाच तारखा गेल्या, आता पुढच्या तारखेला दवाखान्यातल्या नर्सची साक्ष आहे, तिने ते तसं का लिहिलं ते सांगायला ती तयार झालीये.

आपला,
एका प्रेस ऑपरेटरचा मोठा भाऊ