उजव्या कप्प्याची परीक्षा श्रमातच

महोदय,

हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची रक्त पंप करण्याची क्षमता अपुरी पडण्याच्या) रुग्णाच्या अहवालात सगळ्यांचे डोळे हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पंपिंगच्या टक्केवारीवर खिळतात. उजवा कप्पा दुर्लक्षितच राहतो. पातळ भिंतीचा हा कप्पा फुप्फुसांकडे कमी दाबाने रक्त ढकलत असल्याने, स्वस्थ पडलेल्या रुग्णाच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) त्याच्या झडपेच्या कडेची हालचाल, म्हणजे त्याच्या आकुंचनाचे माप, १७ मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे ठीक, दिसू शकते. पण जिना चढताना फुप्फुसधमनीतील दाब वाढला की तोच कप्पा थकतो आणि धाप लागते. म्हणून निवडक रुग्णांची इको तपासणी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सायकलवर श्रम करवून व्हावी आणि उजव्या कप्प्याचे आकुंचन व फुप्फुसधमनीतील दाब एकत्र तपासले जावेत. श्रमात स्पष्ट प्रतिमा मिळणे अवघड असते, हे मान्य. तरीही 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढ्यावर धापा टाकणाऱ्या माणसाची बोळवण करणे मला पटत नाही.

– एक वाचक, पुणे