संरक्षण निर्यातीचा देशवार हिशेब द्यावा : नागपूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : संरक्षण निर्यातीची देशवार व प्रकारवार माहिती दरवर्षी प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

आर्मेनियाने 2022 मध्ये भारताकडून पिनाका रॉकेट प्रणाली घेण्याचे ठरवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून त्या देशाचे नाव नागपुरातही कानावर पडू लागले. कारण पिनाकाची रॉकेटे अंबाझरीच्या आयुध निर्माणीत होतात आणि अमरावती रोडने बाजारगावकडे गेले की खासगी कारखान्यातही होतात. आर्मेनियाची लोकसंख्या सुमारे 30 लाख, म्हणजे 2011 च्या जनगणनेतील आमच्या नागपूर जिल्ह्यापेक्षाही कमी. त्याचा वैरी अझरबैजान एक कोटीच्या आसपास. या दोघांची शस्त्रआयात वर्षानुवर्षांच्या आकड्यांत ताडून पाहताना जे जाणवले, त्यातून हे पत्र लिहीत आहे.

स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या नोंदींनुसार 2011 ते 2020 या दशकात अझरबैजानची मोठ्या शस्त्रांची आयात आर्मेनियाच्या आठपटीहून अधिक होती, आणि गंमत अशी की दोघांचाही सर्वांत मोठा पुरवठादार रशियाच होता. आर्मेनियाच्या आयातीत त्याचा वाटा 94 टक्के होता, अझरबैजानच्या आयातीत 60 टक्के, तर इस्रायलचा 27 टक्के. परंतु त्याच दशकाची शेवटची पाच वर्षे वेगळी काढली, तर अझरबैजानच्या आयातीत इस्रायलचा वाटा 69 टक्क्यांवर जातो. 2020 च्या शरदात या दोन देशांत 44 दिवस चाललेल्या युद्धाची तयारी या दुसऱ्या आकड्यात दिसते, दशकाच्या सरासरीत ती बुडून जाते.

पैशांत केलेली तुलना तर आणखी फसवी ठरली असती. आर्मेनिया रशियाप्रणीत लष्करी करारातला सदस्य असल्याने त्याला सवलतीच्या दरात आणि कर्जाऊ शस्त्रे मिळत, तर तेलाच्या उत्पन्नावर खरेदी करणारा अझरबैजान बाजारभाव मोजत असे. म्हणूनच सिप्री दिलेली किंमत न धरता शस्त्राच्या लष्करी क्षमतेवर बेतलेला निर्देशांक वापरते. त्यालाही मर्यादा आहेतच. 2019 च्या अखेरीस रशियाकडून आलेली चार सुखोई-30 विमाने आर्मेनियाच्या खात्यावर जमा दिसतात. पण 2020 च्या युद्धात त्यांच्यासाठी लागणारी क्षेपणास्त्रेच हाती नव्हती, हे आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान यांनी नंतर मान्य केले. कोणी, काय, केव्हा आणि किती पोहोचवले, हे ओळीओळीने समोर असल्याशिवाय असे प्रश्न विचारताच येत नाहीत.

आता आपल्याकडे पाहावे. 2013-14 मध्ये 686 कोटी रुपयांची असलेली संरक्षण निर्यात 2024-25 मध्ये 23,622 कोटींवर गेली, हे आपण अभिमानाने सांगता, आणि ज्या शहरात यंत्र इंडिया या सरकारी संरक्षण कंपनीचे मुख्यालय आहे तेथील रहिवाशांना त्याचा आनंदच आहे. मात्र ही एकूण रक्कम कोणत्या देशाला कोणत्या प्रकारची किती सामग्री गेली, याविषयी काहीच सांगत नाही; विमानांचे सुटे भाग आणि रॉकेटे तिच्यात एकाच तराजूत बसतात. सुरक्षिततेचे कारण मी हलके मानत नाही. पण 2023 मध्ये अझरबैजानने आर्मेनियाला जाणाऱ्या शस्त्रांविषयी भारतीय राजदूतांकडे चिंता व्यक्त केली होती, म्हणजे ज्याच्यापासून लपवायचे त्याला ते ठाऊक होते. अनभिज्ञ राहतो तो येथला करदाता, आणि त्याला स्वतःच्या देशाची निर्यात परदेशी संस्थेच्या तक्त्यात शोधावी लागते.

म्हणून विनंती अशी की, चालू करारांचा तपशील खुला करू नये, परंतु प्रत्यक्ष पोहोचलेल्या सामग्रीची माहिती, ती पोहोचून दोन वर्षे झाल्यावर, मंत्रालयाच्या दरवर्षीच्या अहवालात द्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या पारंपरिक शस्त्रांच्या नोंदवहीतील सात वर्ग त्यासाठी तयारच आहेत. प्रत्येक नोंदीत देश, वर्ग, संख्या आणि पोहोचल्याचे वर्ष असावे. विक्री सवलतीने वा कर्जावर झाली असल्यास तसा उल्लेख असावा. पुढील अहवालापासून हे सुरू करता येईल का, याचे उत्तर आपल्या कार्यालयाने जाहीरपणे द्यावे.

आपला,
एक नागपूरकर