निरोप्याची नोकरी सोडवल्याबद्दल

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पत्र वाचलंत तर ओळखालच.

मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि आमचं घर दोन तट पडल्यासारखं झालं. नाशिकला सेवा आम्ही करायची, पुण्याहून भाऊजींनी पैसे पाठवायचे, हे न बोलताच ठरलं होतं. आईंचा राग मोठ्या वहिनींवर, पण बोलायच्या माझ्याशी. वहिनीही मलाच फोन करायच्या. दोघा भावांमध्ये उरले होते ते व्हॉट्सॲपवर औषधांच्या बिलांचे फोटो.

चूक कोणाची ते तुम्ही सांगाल, अशा समजुतीने मी सगळ्यांबरोबर तुमच्याकडे कौटुंबिक समुपदेशनाला आले होते. (माझी नाही, हेही!) तुम्ही कागदावर आमच्या तीन पिढ्या काढल्यात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, भांडणाला करवतीच्या दातांसारखी रेघ. मग भाऊजींना विचारलंत, "बाबांना उचलून खुर्चीत बसवताना धाकट्याला काय वाटत असेल?"

भाऊजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माझा राग येत असेल."

"राग नाही रे," हे म्हणाले, "माझ्या हातून बाबा पडतील याची भीती वाटते."

त्या महिन्यापासून भाऊजी दर महिन्याला आठवडाभर येतात. बाबांना उचलायला दोघे असतात.

दोघांमधला ताण सोसवेना की तिसऱ्याला मध्ये ओढतात, याला मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने त्रिकोण म्हटलंय, हे तुमच्याकडूनच कळलं. आमच्या त्रिकोणाचा तिसरा कोपरा मी! पंधरा दिवस कोणाचाही निरोप पोचवायचा नाही, हा गृहपाठ दिलात. जड गेला हो. खरं सांगते, इकडचं तिकडे करण्यात मला थोडा मोठेपणाही वाटत होता. तो तुम्ही ओळखलात, पण सगळ्यांसमोर बोलला नाहीत. त्याचे आभार वेगळे.

घराच्या वाटणीचा विषय अजून तसाच आहे. निदान तो निघाला की आता कोणी ताटावरून उठत नाही.

परवा आई म्हणाल्या, "मोठीला सांग, या वेळी मोदकांच्या सारणात..." आणि थांबल्या. मी मेथी निवडत होते, मान वर केली नाही. त्यांनी स्वतःच फोन लावला. जायफळावरून दोघींची चांगली वीस मिनिटं जुंपली होती. माझी जुडी निवडून झाली.

तुमची,
धाकटी सून