पाऊस नसताना गळणारे छत: अध्यक्षांना तिसरे पत्र

दिनांक: 18 जानेवारी 2026

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, गृहनिर्माण सोसायटी,
टिळकवाडी, बेळगाव

विषय: सदनिका क्रमांक 402 मध्ये दर हिवाळ्यात छतातून होणारी गळती व तिचे कारण

माननीय अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

याच विषयावर मी आपणांस लिहीत असलेले हे तिसरे पत्र आहे. पहिले जानेवारी 2024 मध्ये दिले, त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दुसरे डिसेंबर 2024 मध्ये दिले, त्याचे उत्तर सचिवांनी जिन्यात उभ्या उभ्या दिले: "थंडीत सगळ्यांच्याच घरात ओल धरते, खिडक्या उघड्या ठेवत जा." हे वाक्य अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आधारावर माझी तक्रार तीन हिवाळे बाजूला सारली गेली आहे, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

खरा अर्धा भाग मी आधीच मान्य करतो. माझ्या घरात एक ओल आमच्याच राहणीमुळे येत होती. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे येथे चांगला गारठा असतो आणि निरभ्र रात्री उघडा स्लॅब भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतो. खोलीतील हवा 22 अंश व आर्द्रता 70 टक्के असेल, तर 16 अंशांच्या आसपास थंड झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. आम्ही खिडक्या लावून आंघोळीची वाफ आत कोंडत होतो, ओले कपडे हॉलमध्ये वाळत घालत होतो आणि उत्तरेकडील भिंतीला कपाट अगदी टेकवून ठेवले होते. त्या कपाटामागे काळी बुरशी आली. शहापुरातील आमच्या जुन्या कौलारू घरात असे कधी घडले नाही, कारण कौलांच्या फटींतून वाफ आपोआप निघून जात असे. स्लॅबच्या घरात ती काढून द्यावी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, न्हाणीघरात बाहेर हवा टाकणारा पंखा बसवला, कपडे बाल्कनीत नेले आणि ती बुरशी परत आली नाही. समितीकडे त्याबद्दल माझे काहीही मागणे नाही.

माझी तक्रार दुसऱ्या ओलीची आहे. ती मागच्या शयनगृहाच्या छतात, दिव्याच्या पॉइंटभोवती येते. तिला पिवळसर कडा आहेत, एकाबाहेर एक अशी वर्तुळे आहेत, कडेला पांढरा क्षार फुलतो आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. हवेतील वाफेची ओल पहाटे दिसते, थंड पृष्ठभागावर सर्वत्र पसरते आणि दुपारपर्यंत वाळते. तिला वर्तुळे पडत नाहीत आणि ती स्लॅबमधले क्षार विरघळवून बाहेर आणत नाही. माझ्या छताची ओल एकाच जागी येते आणि भर दुपारी दोन वाजताही ठिबकते. तरीही माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असे मी म्हणत नाही. मी ओलीच्या कडेला दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवला. पाणी हवेतून येत असेल तर ते कागदाच्या खोलीकडील बाजूस दिसते, स्लॅबमधून येत असेल तर कागदाच्या मागे साचते. ते मागे साचले. ही पाहणी करायला मी समितीच्या तीन सदस्यांना बोलावले होते. एकही आले नाही.

आता पाऊस नसताना स्लॅबवर पाणी येते कुठून, हा प्रश्न उरतो. महोदय, याचे उत्तर आपल्या गच्चीवरच उभे आहे. एप्रिल 2023 मध्ये वरच्या मजल्यांना दाब मिळावा म्हणून सोसायटीने पाण्याची टाकी बदलली आणि तिचे स्टँड दोन फुटांनी उंच केले. शेजारच्या 401 मध्ये राहणारे आपले खजिनदार यांचा सोलर हीटर त्याच्या कितीतरी आधीपासून गच्चीवर आहे. त्या हीटरच्या टाकीतून हवेची एक नळी उभी वर गेलेली असते आणि तिचे तोंड गच्चीवरील टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा उंच असावे लागते, कारण जोडलेल्या नळ्यांत पाणी आपली पातळी गाठतेच. शिवाय गरम पाणी हलके असल्याने त्या नळीत ते आणखी थोडे वर चढते. सोसायटीची टाकी वर गेली, ही नळी होती तेवढीच राहिली. आज टाकी काठोकाठ भरली की नळीच्या तोंडातून पाणी बाहेर पडते आणि हीटरच्या मागे, जिथे हिवाळ्यात दिवसभर ऊन येत नाही, तिथे कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थरावर, झिरपत राहते.

मग हे हिवाळ्यातच का होते, असा प्रश्न खजिनदारांनी मला दोनदा विचारला आहे आणि तो रास्त आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ढगांमुळे ते स्वतः हीटरचा व्हॉल्व्ह बंद ठेवतात. एप्रिल-मे महिन्यांत महापालिकेचे पाणी लांबत जाते, आपली टाकी काठापर्यंत भरतच नाही, आणि जे थोडे सांडते ते तापलेल्या गच्चीवर पाहता पाहता उडून जाते. हिवाळ्यात मात्र शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप व हिडकल या दोन्ही जलाशयांत पाणी असते, टाकी भरते, हीटर चालू असतो, स्लॅब वाळत नाही, आणि थंडीने काँक्रीट आकसल्यामुळे बारीक भेगा अधिक उघडतात. मी 1 डिसेंबरपासून नोंदवही ठेवली आहे. ज्या पहाटे पंप चालवून टाकी भरली त्याच दिवशी दुपारपर्यंत माझ्या छताला थेंब धरला, आणि खजिनदारांचे कुटुंब नाताळच्या सुट्टीत व्हॉल्व्ह बंद करून गावी गेले ते सहा दिवस छत कोरडे होते. नोंदवहीची छायाप्रत सोबत जोडली आहे.

"माझा हीटर तुमच्या डागाच्या वर नाही, आठ फूट लांब आहे," असे त्यांचे म्हणणे आहे. पाणी जिथून शिरते तिथूनच खाली पडते असा नियम नाही. ते कोबा आणि स्लॅब यांच्या मधून उताराने वाहते आणि वाट मिळेल तिथे उतरते. माझ्या घरी ती वाट म्हणजे स्लॅबमधून गेलेली विजेची नळी आहे, म्हणूनच थेंब नेमका दिव्याच्या पॉइंटला येतो. खात्रीसाठी 4 जानेवारी रोजी मी खडेबाजारातून मिठाईत घालतात तो लाल रंग आणला आणि नळीखालच्या ओल्या जागेत ओतला. तिसऱ्या दिवशी माझ्या पॉइंटमधून फिकट लालसर पाणी आले, त्याचे फोटो सोबत आहेत. गेल्या तीन वर्षांत समितीकडून मला मिळालेले एकमेव लेखी पत्र याच रंगाबद्दल आहे: सामाईक गच्ची विनापरवाना खराब केल्याबद्दल खुलासा मागितला आहे. माझा खुलासा हे पत्रच समजावे.

मे 2025 मध्ये समितीने कारण न शोधता संपूर्ण गच्चीला वॉटरप्रूफिंगचा थर दिला आणि सर्व सभासदांकडून वर्गणी घेतली. मीही वेळेवर दिली. हीटरचे स्टँड हलवायला परवानगी न मिळाल्याने कंत्राटदाराने त्याच्या पायांखालची जागा सोडून दिली, हे तिथे उभे असलेल्या सर्वांनी पाहिले आहे. डिसेंबरमध्ये डाग पुन्हा आला. तिसऱ्या मजल्यावरील दोन्ही कुटुंबांचे आणि तळमजल्यावरील निवृत्त ओव्हरसियर काकांचे मत माझ्यासारखेच आहे. शेजारधर्मामुळे ते लेखी देत नाहीत, म्हणून त्यांचे मत नाही असे कृपया समजू नये.

त्या खोलीत माझी 78 वर्षांची आई झोपते. तिला दमा आहे. संक्रांतीच्या आदल्या रात्री गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा तिच्या पायाशी पडला. त्या पॉइंटचा फ्यूज इलेक्ट्रिशियनने काढून ठेवला असून आई सध्या हॉलमध्ये झोपते. मी हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही, परंतु "थोडीशी ओल" हे शब्द बैठकीच्या इतिवृत्तात वाचल्यावर मला गप्प बसवले नाही.

सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करावी, हे उपविधी सचिवांनी मला दाखवले. ते आतील भागाला लागू आहेत. 1972 च्या कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायद्यातील सामाईक भागांच्या व्याख्येत छप्पर, मुख्य भिंती, टाक्या आणि पंप यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माझ्या दृष्टीने वादाचा निकाल तिथेच लागतो आणि बाकीच्या कलमांत शिरण्याची गरज मला वाटत नाही.

माझे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. ती हवेची नळी तीन फुटांनी उंच करावी. नळीचा एक तुकडा, एक जोड आणि प्लंबरचा अर्धा दिवस एवढेच त्याला लागते. ती उंच होईपर्यंत हीटरचा व्हॉल्व्ह बंद राहावा. मी खजिनदारांना तीन वेळा नम्रपणे विनंती केली, दर वेळी "थंडी संपू द्या" असे उत्तर मिळाले. थंडी संपल्यावर गळती आपोआप थांबते आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत विषय मिटतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून व्हॉल्व्ह समितीने स्वतः बंद करून त्याला कुलूप लावावे. कोबा पूर्ण वाळल्यावर हीटरच्या पायांखाली राहिलेली जागा भरून घ्यावी आणि माझ्या छताच्या गिलाव्याचा खर्च ज्यांच्या नळीमुळे तो पडला त्यांच्याकडून वसूल करावा. या विषयावर बैठक होईल तेव्हा खजिनदारांनी निर्णयात भाग घेऊ नये, ही अपेक्षा मला तरी गैर वाटत नाही.

माझ्या निदानावर समितीचा विश्वास नसेल तर टाकी भरण्याच्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता आपण स्वतः गच्चीवर यावे. विजेरी मी आणीन. पुढची भरणी येत्या गुरुवारी, 22 जानेवारीला आहे.

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका क्रमांक 402