क्षमताबांधणी अनुदान: अर्जाआधी कागदपत्रे तपासा

सर्व सभासद संस्थांसाठी,

क्षमताबांधणीचे अनुदान शाळेत दप्तरे वाटायला नसते. हिशेबनीस, अकाउंटिंग सॉफ्टवेअर, विश्वस्तांचे प्रशिक्षण, लेखी धोरणे अशा गोष्टींसाठी ते मिळते. त्यामुळे अर्जात ‘आम्ही काय काम करतो’ याची चार पाने नकोत. नेमके काय अडते ते सांगा: ताळेबंद उशिरा होतो, सगळी देणगी एकाच दात्याकडून येते, वगैरे.

अर्ज बहुधा कागदांवर अडकतो. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की परिशिष्ट एकवरची (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावरची) नावे आणि बँकेतल्या सह्या जुळत नाहीत, आणि छाननीत हेच आधी दिसते. 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकर सवलत) व 80जी (देणगीदाराला आयकर सवलत) नोंदणीचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या किमान 6 महिने आधी मागा. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर सीएसआर-1 (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी) क्रमांक लागतोच. सर्वसाधारण संस्थेला 3 वर्षांच्या कामाचा पुरावाही द्यावा लागतो.

मोठी संस्था आपल्याला परदेशी निधीतला वाटा देईल, या भरवशावर राहू नका. एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली.

अंदाजपत्रकात पगार ‘इतर खर्च’मध्ये लपवू नका. पद, महिने, दरमहा रक्कम लिहा. अनुदान संपल्यावर तो पगार कुठून येणार, हेही. सॉफ्टवेअरचे वार्षिक नूतनीकरण लोक हमखास विसरतात.

मसुदा तपासून हवा असल्यास मागील 3 वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालांसह कार्यालयात द्या.