शेवटच्या ट्रामचं काय करू?

लालबाग, रविवार

प्रिय बंड्या,

दोन वर्षांत पत्र नाही, फोनवर नुसतं 'ठीक ना?'. आधी शिव्या घालून घे. साखर आटोक्यात, गुडघे आटोक्याबाहेर. झालं.

लिहितोय कारण मी तुझी चोरी केलीय.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या दोन पोरी आल्या होत्या, गिरणगावच्या आठवणी रेकॉर्ड करायला. मी काय, सुटलोच. पहाटेचा भोंगा, पाळी सुटल्यावर रस्त्यावर येणारा लोंढा, केसांत अडकलेला कापूस, कामगार मैदानावरच्या सभा. 'दादर टीटी'तला पहिला टी ट्रामचा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! मग ट्राम निघाली. ३१ मार्च १९६४ ची रात्र, बोरीबंदरहून दादरला निघालेली शेवटची ट्राम, दुतर्फा ही गर्दी, मी बाबांच्या खांद्यावर आणि धक्काबुक्कीत बाबांची टोपी पडली. एका पोरीचे डोळे पाणावले. मीही नाक पुसलं.

रात्री अंथरुणावर पडलो आणि चमकलो. आमचे बाबा टोपी घालतच नव्हते. टोपी तुझ्या बाबांची!

मला त्या आठवड्यात गोवर. आई खिडकीसुद्धा उघडू देत नव्हती. तू सकाळी येऊन उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलंस, घंटेचा आवाज काढून, टोपीसकट. साठ वर्षांत तू त्यातून कधी उतरलास आणि मी कधी खांद्यावर चढलो, देव जाणे.

तेव्हापासून झोप नाही. बाकीचं तरी माझं कशावरून? संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी शिवाजी पार्कावर अत्र्यांना ऐकलं म्हणून मी छाती फुगवतो. १ मे १९६० ला मी चार वर्षांचा होतो रे! संप मात्र माझा. १८ जानेवारी १९८२. घड्याळ न बघता उठणारे बाबा त्यानंतर डब्याची वेळ झाली की गॅलरीत घड्याळ बघत बसायचे. ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आणि गणपतीतला पडदाही माझा. भर रस्त्यात पांढरा पडदा, सतरंज्या, आणि मागच्या बाजूला बसणाऱ्यांना सगळे हिरो डावखुरे. तू म्हणतोस आपण पुढून बघायचो. साफ खोटं! जागा धरायला तुला पाठवलं की तू बर्फाच्या गोळ्याशी. तुझ्यापायी मी निम्मे सिनेमे उलटे पाहिले.

आता त्या पोरींना फोन करून काय सांगू? म्हातारा थापाड्या म्हणतील ते चालेल, पण ती ट्रामच काढून टाकतील. त्यापेक्षा तुझा नंबर देतो, तूच सांग. घंटेसकट. नाही म्हणू नकोस, भाव खाऊ नकोस.

मोतीबिंदूची तारीख ठरली का? नाशिकच्या नव्या घराला पाणी येतं ना? धाकटीचं ऐकलं, आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

आणि हो, लगेच कळव. ती टोपी पुढे सापडली होती का? मी 'सापडली' म्हणून ठोकून दिलंय.

तुझा,
सुऱ्या