गुलमर्गचे अडीच दिवस

पुणे,
9 जानेवारी 2025

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. "पाच दिवसांत स्कीइंग कितपत जमले?" असे तू विचारले आहेस. उत्तर द्यायचे तर आधी एक दुरुस्ती करावी लागेल. पाच दिवसांचे पैसे आम्ही भरले होते. पायात स्की चढवून बर्फावर उभे राहिलो ते अडीच दिवस. उरलेले अडीच दिवस विमानात, विमानतळांवर आणि अमृतसरच्या एका हॉटेलात गेले. फेब्रुवारीत तू मुलांना घेऊन त्याच वाटेने निघणार आहेस, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहितो आहे. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच, कारण तुझ्या तिकिटांविषयी मला थोडे बोलायचे आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट तुला आठवत असेल. 2024 चा जानेवारी जवळजवळ संपत आला तरी गुलमर्गचे उतार पिवळट गवताचे दिसत होते, आणि स्कीइंगची आरक्षणे लोकांनी धडाधड रद्द केली होती. त्या वेळी श्रीनगरला विमाने जात होती, पण गुलमर्गला बर्फ नव्हता. ते पाहून आम्ही या वर्षी मुद्दाम चिल्ला-ए-कलान निवडले. 21 डिसेंबरपासूनच्या कडक थंडीच्या चाळीस दिवसांना तिकडे हे नाव आहे. आमचा हिशेब बरोबर निघाला, बर्फ पडला. तो नेमका 27 डिसेंबरला, आमचे विमान उतरण्याच्या वेळी पडेल, हे मात्र हिशेबात धरले नव्हते.

पुण्याहून आम्ही पहाटे निघून दिल्लीला वेळेवर पोहोचलो. दिल्लीत पाऊस लागला होता. डिसेंबरच्या दिल्लीत छत्री लागावी याचे नवल वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 पर्यंतच्या चोवीस तासांत तिथे 41.2 मिलिमीटर पाऊस झाला आणि डिसेंबरमधल्या एका दिवसाच्या पावसाचा तो 101 वर्षांतला उच्चांक ठरला, हे नंतर वर्तमानपत्रात वाचले. ज्या पश्चिमी झंझावाताने दिल्ली भिजवली, त्यानेच काश्मीरवर बर्फ टाकला. म्हणजे आमच्यावर काय कोसळणार आहे, ते आम्ही दिल्लीच्या काचेतून पाहतच होतो, फक्त ते आपल्यासाठी आहे हे ओळखता आले नाही. आदल्या रात्री डॉ. मनमोहन सिंग यांचे निधन झाले होते, त्यामुळे विमानतळावरच्या दूरचित्रवाणी संचांवर दिवसभर तीच दृश्ये होती आणि एरवीच्या मानाने सगळीकडे शांतता होती.

श्रीनगरचे विमान दुपारी 2 चे होते. फलकावर आधी 2:40 झाले, मग 3:10, मग 3:45. तुला खरे सांगतो, सरळ तीन तास उशीर आहे असे सांगितले असते तर आम्ही निवांत जेवलो असतो. अर्ध्या अर्ध्या तासाने वेळ पुढे सरकत गेली की माणूस ना जेवायला जाऊ शकत, ना पाठ टेकू शकत. गेटपाशी उभा राहून फलकाकडे पाहत राहतो. त्या दोन दिवसांत मला राग आला तो याच गोष्टीचा. बर्फावर रागावून काय करणार? तो तर आम्हाला हवाच होता.

चारच्या सुमारास विमान उडाले. पीर पंजालच्या रांगा ओलांडताना खाली ढगांशिवाय काही दिसत नव्हते. थोड्या वेळाने विमान डावीकडे कलले, सरळ झाले, पुन्हा डावीकडे कलले. खिडकीशी बसलेल्या आमच्या कन्येने मोबाइलवर वेळ लावून पाहिली आणि दर चार-पाच मिनिटांनी आपण वळतो आहोत, असे जाहीर केले. मग वैमानिकाने सांगितले की श्रीनगरला जोरदार बर्फवृष्टी सुरू आहे, धावपट्टी पुरेशी दिसत नाही, आपल्याकडे आणखी सुमारे वीस मिनिटे थांबण्याइतके इंधन आहे, तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर आपण अमृतसरला जाऊ. त्या दिवशी कोणी आमच्याशी सरळ, पूर्ण आणि वेळेवर बोलले असेल तर तो हा वैमानिक. इंधन संपत आले असे ऐकून मागच्या रांगेतल्या एक बाई रामरक्षा म्हणू लागल्या, पण त्याचा अर्थ तसा नसतो. ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे आणि त्याशिवाय आणखी अर्धा तास हवेत राहण्याचे इंधन विमानात राखून ठेवावेच लागते. वीस मिनिटे म्हणजे त्या राखीव साठ्याला हात लावण्याआधीची वीस मिनिटे.

मला आधी वाटे की आता विमाने यंत्राच्या आधाराने धुक्यातही उतरतात, तर बर्फाचे एवढे काय! दिल्लीत 50 मीटरपर्यंत दिसत असले तरी विमान उतरवण्याची यंत्रणा आहे, अर्थात विमान आणि वैमानिक दोघेही त्यासाठी पात्र असतील तर. श्रीनगरला तशी सोय नाही. शिवाय चारी बाजूंना डोंगर, त्यामुळे शेवटच्या क्षणी उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे तर मोकळी जागा बेताचीच. विमानतळ मुळात हवाई दलाचा, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,650 मीटर उंचीवर. आणि समजा, धावपट्टी दिसली. तरी तिच्यावर बर्फाचा थर साचलेला असेल तर ब्रेक लागत नाहीत. यंत्रे फिरवून ती साफ करायची, तोवर वरून पुन्हा बर्फ पडतोच आहे. ते काम न संपणारे.

अमृतसरला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. आम्हाला वाटले, तासाभरात इंधन भरून पुन्हा निघू. दोन तास जागेवर बसून होतो. प्रत्येकाला एक सँडविच आणि फळांच्या रसाचा एक डबा मिळाला. मग कळले की श्रीनगर उघडण्याची चिन्हे नाहीत, आणि उघडले तरी वैमानिकांचे कामाचे तास संपत आले आहेत. हा नियम मला आधी माहीत नव्हता. ठरावीक तासांपुढे त्यांना विमान चालवता येत नाही, आणि ते योग्यच आहे; पण वळवलेले विमान त्याच दिवशी पुन्हा का निघत नाही, याचे उत्तर बऱ्याचदा आकाशात नसून त्या घड्याळात असते.

खरी गंमत सामानाच्या पट्ट्यापाशी झाली. तासभर तो पट्टा रिकामाच फिरत होता, त्याच्यावर कोणाची तरी एक निळी बाबागाडी होती, ती दर फेरीला पडद्यातून बाहेर येई आणि पुन्हा आत जाई. आमच्या तीन बॅगा आल्या नाहीत. सामान उतरवण्याआधी विमान दिल्लीला परत पाठवायचा निर्णय झाला, काही बॅगा उतरल्या आणि काही तशाच परत गेल्या, असा खुलासा मिळाला. लोकरी मोजे, जलरोधक विजारी, तू दिलेले हातमोजे आणि गॉगल असे सगळे दिल्लीला गेले. आमच्याजवळ उरले एक पाठपिशवी, औषधे आणि हिने प्रवासात लागतील म्हणून घेतलेल्या गूळपोळ्या. त्या रात्री त्या गूळपोळ्यांनी फार मोठे काम केले.

हवामानामुळे विमान रद्द झाले तर नुकसानभरपाई मागता येत नाही, पण तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा दुसरे विमान यांपैकी एक पर्याय कंपनीला द्यावाच लागतो. खिडकीवरचा तरुण मात्र फक्त परताव्याचेच बोलत होता, कारण परतावा दिला की त्याची जबाबदारी तिथेच संपते आणि आम्ही अमृतसरमध्ये आमच्या नशिबावर. मी शांतपणे दुसऱ्या पर्यायाचा आग्रह धरला, तेव्हा 29 तारखेच्या दुपारच्या अमृतसर-श्रीनगर विमानात जागा निघाली. रात्रीचे हॉटेल आमच्या खर्चाने. विमान वळवले आणि रद्द झाले असे लेखी पत्र मात्र मी तिथेच मागून घेतले. विम्याच्या दाव्यासाठी ते लागते, आणि पुण्याला परत आल्यावर ते मिळवायचे म्हणजे किती हेलपाटे, याची तू कल्पना कर.

बाहेर एक टॅक्सीवाला रात्रीत जम्मू आणि सकाळपर्यंत श्रीनगर करून देतो म्हणत होता. आमच्या विमानातल्या चार मुलांनी त्याच्याशी भाव ठरवला. माझाही पाय क्षणभर उचलला होता, पण हिने ठाम नकार दिला. दुसऱ्या दिवशी कळले की काझीगुंड-बनिहालच्या बोगद्याजवळ शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या. त्या मुलांचे काय झाले ते कळले नाही. सोनमर्गच्या रस्त्यावर गुंड गावात अडकलेल्या पंजाबच्या प्रवाशांना गावकऱ्यांनी मशीद उघडून आत झोपायला जागा दिली, ही बातमीही त्याच दिवशी वाचली. 28 ला श्रीनगरची उड्डाणे रद्दच होती. आम्ही सुवर्णमंदिरात गेलो, लंगरमध्ये जेवलो, बाजारातून तीन जोड्या लोकरी मोजे विकत घेतले. त्या दिवसाबद्दल तक्रार नाही.

29 ला श्रीनगरला उतरलो ते लख्ख उन्हात. दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग आणि मधून काळी, ओली धावपट्टी. विमानतळापासून गुलमर्ग पन्नास-एक किलोमीटर, पण तंगमर्गला गाडी बदलावी लागली. तिथून वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीनेच जाता येते. त्या साखळ्यांचा खळखळ आवाज आणि गाडीत आमच्या पायांशी ड्रायव्हरने ठेवलेली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, एवढे दोन तपशील मला त्या संध्याकाळचे नीट आठवतात. बाकी सगळे थकव्यात बुडाले.

हॉटेलने गेलेल्या दोन रात्रींचा एक पैसाही परत केला नाही. आरक्षणाच्या अटींत तसे लिहिलेच होते, मी वाचले नव्हते. स्कीइंग शिकवणारे गृहस्थ मात्र भले निघाले. वाया गेलेल्या दिवसांचे पैसे त्यांनी आपणहून वळते केले आणि 30 तारखेला दुपारपर्यंत आम्हाला भाड्याचे बूट, विजारी, हातमोजे मिळवून दिले. भाड्याचा बूट माझ्या पायाला एक माप लहान होता. डाव्या अंगठ्याचे नख अजून जांभळे आहे. पहिल्या अर्ध्या दिवसात आम्ही फक्त पडायला आणि उठायला शिकलो. "पिझ्झा बनाओ, पिझ्झा!" असे ते गुरुजी ओरडत. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब केली की त्रिकोण होतो आणि वेग आवरतो, तो हा पिझ्झा. 31 च्या दुपारी कन्या न पडता उतार संपेपर्यंत आली आणि वळून तिने माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी उताणा पडलेला असल्यामुळे तिला फक्त माझे बूट दिसले असावेत. 1 जानेवारीला गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, कोंगडोरीपर्यंत गेलो. त्यापुढचा, अफरवट शिखराकडे जाणारा टप्पा वाऱ्यामुळे बंद होता. आमच्या बॅगा 31 च्या रात्री आल्या. म्हणजे तुझे गॉगल एकच दिवस वापरले गेले.

परत येताना, 3 तारखेला, दिल्लीतल्या धुक्यामुळे चार तास गेले. आता आम्ही सरावलो होतो. सरळ जेवून घेतले.

आता तुझ्या तिकिटांविषयी. मुंबई-दिल्ली एका कंपनीचे आणि दिल्ली-श्रीनगर दुसऱ्या कंपनीचे, मध्ये दीड तास, असे तू लिहिले आहेस. दोन-तीन हजार वाचले असतील, पण पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुला ओळखही दाखवणार नाही; ते तिकीट बुडाले असेच समज. आमची सगळी तिकिटे एकाच आरक्षणात होती, म्हणून ती धास्ती आम्हाला नव्हती. जमत असेल तर बदलून घे. दिल्लीहून सकाळचे विमान घे, म्हणजे ते रद्द झाले तरी दिवस हातात राहतो. स्कीइंगचा वर्ग पोहोचण्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू करू नकोस, मध्ये एक दिवस मोकळा ठेव. बर्फ नाही पडला तर श्रीनगरला शिकारा होडीत बसा. आणि मुलांचे हातमोजे व एकेक जोडी मोजे पाठपिशवीतच राहू देत, बॅगेत नकोत.

तुझे हातमोजे धुऊन वाळत घातले आहेत. गॉगलच्या उजव्या काचेवर एक बारीक ओरखडा आला आहे. मी एकूण बावीस वेळा पडलो असलो तरी तो माझा नाही, सामानाच्या पट्ट्याचा आहे, कारण बॅग उघडली तेव्हाच मी तो पाहिला. दोन्ही वस्तू सोमवारी कुरिअरने पाठवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनू